पांढऱ्या कोटांची फौज

८ जानेवारी

नाना,

आधी वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग कागद बदलला. तीर्थरूप लिहिलं की खाली ‘आपली सून’ लिहावं लागतं, आणि ते पद गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून गेलं. म्हणून नुसतं नाना लिहिते आहे. ते तरी अजून कुणी काढून घेतलेलं नाही.

तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. चांगलं बोलला. हल्ली आम्ही एकमेकांशी इतकं छान बोलतो, की संसारात असताना याच्या निम्मं जरी बोललो असतो तरी निभावलं असतं. असो. निरोप असा, की मे महिन्यात तुमच्या तिकडच्या क्लबात शिशाच्या शिपायांची पुलाची लढाई टेबलावर मांडायची ठरली आहे. तुमची निळी फौज तयारच आहे, ती कधी नव्हती? राहिली आहे ती माझी पांढऱ्या कोटांची. घरातलं सामान हललं तेव्हा ती माझ्या टेबलावर होती, म्हणून माझ्याकडेच राहून गेली. तर ती रंगवून पूर्ण करायची आणि कुरियरनं पाठवून द्यायची. लढाई झाली की दोन्ही फौजा क्लबला देऊन टाकायच्या, कारण त्याच्या घरात जागा नाही. हे शेवटचं तो जरा भरभर बोलला.

तुम्ही आता त्याच्याकडे राहता. त्याच्या घरात तुम्हाला किती जागा मागता येते, हे मला कळतं. तक्रार करत नाही.

पण नाना, ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही. खोके उघडले, सगळ्यांना टेबलावर उभं केलं. काही पूर्ण आहेत, काहींना कोट आहे पण तोंड नाही, आणि बरेचसे नुसत्या प्रायमरच्या करड्या अस्तरात, आंघोळीला रांगेत उभे असल्यासारखे. बघत बसले आणि चहा थंड झाला. क्लबाचा नियम तुम्हीच मला शिकवलात, की न रंगवलेला शिपाई टेबलावर उतरवायचा नाही. म्हणजे मी रंगवले नाहीत तर तुमची निळी फौज पुलावर एकटीच उभी राहणार. एवढं कळतंय, तरी अंग हलत नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र. उत्तर दिलंत तर बरं वाटेल. नाही दिलंत तरी समजून घेईन.

तुमची,
(इथे काय लिहायचं ते सुचलं की लिहीन)

२७ जानेवारी

नाना,

कार्ड मिळालं. मोजून सहा ओळी, आणि सहाही पट्ट्यांबद्दल. सर्व्हेच्या ऑफिसात नकाशांवर गावांची नावं लिहायचात त्याच अक्षरात: ‘छातीवरचे पट्टे पांढरे. पण कोटाच्या पांढऱ्याहून वेगळे दिसले पाहिजेत.’ मी कशी आहे, जेवते का, काही विचारलेलं नाही. पण कार्ड आलं. मी ते दोनदा वाचलं, पट्ट्यांसाठी नव्हे.

पांढऱ्यावर पांढरं, आणि तरी वेगळं दिसलं पाहिजे! लग्न झालं त्या वर्षी तुमच्या कपाटातल्या शिपायांकडे बघून मी म्हटलं होतं, यांचे सगळ्यांचे दात एकाच छटेचे आहेत, असं कुठे असतं का. त्याचं हे फळ. दातांच्या लॅबमध्ये काम करणारी सून मिळाली म्हणून तुम्ही दुसऱ्याच दिवशी एक आख्खी फौज माझ्या गळ्यात बांधलीत, पांढरा रंग हिलाच दिसतो म्हणालात. आई तेव्हा होत्या. त्या म्हणाल्या, पोरीला निदान आठवडाभर पाहुणी राहू द्या.

आता कबुली. लॅबमध्ये काम वाढलं आहे, मालकांनी एक माणूस कमी केला आणि त्याचे दातही माझ्याकडे आले. दिवसभर कुणाच्या तरी तोंडात शोभेल असा पांढरा शोधायचा, आणि घरी येऊन परत पांढराच. मंगळवारी अशीच बसले, हाताला सवयीचं होतं ते मिसळलं आणि एक पलटणभर कोट रंगवले. दुसऱ्या दिवशी उजेडात बघते तर काय, सत्तरीच्या माणसाला बसवतो ना आम्ही, थोडा चहा, थोडी तंबाखू, थोडं वय असलेला दात, तंतोतंत ती छटा! आख्खी पलटण पिवळटलेली.

परत रंगवू की चालेल? कळवा. परत करायची ताकद नाही, हेही लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

नाना,

‘तीन आठवडे चिखलातून चालत आले आहेत. शुभ्र कोट फक्त शिंप्याच्या दुकानात असतो. तसेच ठेव.’

हे वाचून हसले. बऱ्याच दिवसांनी आवाज करून हसले. या घरात माझाच आवाज मला नवा वाटला.

आणि तुमचा दुसरा सल्लाही ऐकला. ‘मन लागत नसेल तर बूट रंगव. बुटांना मन लागत नाही.’ खरं आहे. बुटाला काळा रंग, त्यावर टोकाला जरा करडा, झालं. रविवारी सकाळी खिडकीशी बसून सगळ्या फौजेचे बूट उरकले. तोंडं नाहीत, हात नाहीत, पण पायात बूट. मग बूट झालेच आहेत तर वर गुडघ्यापर्यंतच्या काळ्या पट्ट्याही करून टाकू असं वाटलं, मग काडतुसांच्या पेट्या काळ्याच म्हणून त्याही. तुम्ही मला बोटाला धरून चालवलंत हे पेट्या संपल्यावर लक्षात आलं. पक्के आहात.

मला थकवा कसला आहे, सांगू? तुम्हाला वाटेल घटस्फोटाचा. तो नाही. त्याचं दुःख करून झालं. आमचं कधी मोठं भांडण झालं नाही, हळूहळू दोघं आपापल्या खोलीत राहायला लागलो, आणि एक दिवस वेगळ्या घरात. त्याच्या आयुष्यात आता ज्या आहेत त्या चांगल्या आहेत असं ऐकते, आणि खरंच बरं वाटतं. थकवा आहे तो संध्याकाळचा. कामावरून आलं की कुणी ‘आज उशीर?’ एवढंही विचारत नाही. तुम्ही विचारायचात. मान वर न करता, भिंगातून एखाद्या शिपायाच्या मिशा काढता काढता, पण विचारायचात. तुमचा मुलगा घरी यायच्या आधी आपले दोन तास असायचे, एका दिव्याखाली दोन टोकांना. बोलणं काय, तर ‘ती लाल बाटली दे’.

नवरा गेला की बायकोचं सांत्वन करायला दहा जणी येतात. सासरा गेला, तोही जिवंत, आणि त्याचं दुःख करायला काही रीतच नाही. लोकांना वाटतं, सुटली.

हे लिहायला नको होतं. बसच्या वेळेआधी टाकते, नाहीतर फाडीन.

१७ मार्च

नाना,

या वेळच्या कार्डात मागच्या पत्राबद्दल अवाक्षर नाही, कॉलरी मात्र नीट समजावल्या आहेत. ठीक आहे. कॉलरींबद्दल लिहिते.

पिवळ्या कॉलरींची पलटण पूर्ण झाली होती. संगिनी झाल्या, तोंडं झाली, मळकट पाण्याचा हात देऊन झाला, तळाला वाळू आणि गवत चिकटवलं. झेंडा तेवढा राहिला होता. आणि मग रंगाला भेगा पडल्या. हवेचा परिणाम असेल. सगळे स्पिरिटमध्ये घातले, जुन्या दातांच्या ब्रशनं घासले, पुन्हा उघडे शिशाचे झाले. आता पहिल्यापासून.

तुमच्या चिरंजीवांचा परत फोन. किती राहिलं म्हणून. म्हटलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तो म्हणाला, जमणार नसेल तर तसेच पाठव, क्लबातलं कुणीतरी उरलेले रंगवेल. मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही. जोरातच म्हटलं.

तो मग म्हणाला, नाना हल्ली पोस्टमनची वाट बघतात. ते त्यानं का सांगितलं मला माहीत नाही. त्याच्यावर राग धरणं अवघड आहे, नेहमीच होतं.

घाई करू नका, एवढंच. तुम्हीच सांगता ना, नवी रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत फासे उलटे पडून हमखास पळून जाते. क्लबातले सगळे म्हातारे या गोष्टीवर देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवतात. मग उशिरा पळाली तर बिघडलं कुठे?

९ एप्रिल

नाना,

पार्सल मिळालं. कोऱ्या शिशाची एक आख्खी पलटण, आणि वर चिठ्ठी: ‘ही विसरलो होतो. संध्याकाळी पुलावर आलेली कुमक. पांढरे कोट, हिरव्या कॉलरी. सावकाश रंगव.’

मी त्या खोक्याकडे किती वेळ बघत बसले.

नाना, संध्याकाळी पुलावर कुमक आली नाही. कधीच आली नाही. म्हणून तर पांढरे हरले! लग्न झाल्यापासून ही लढाई मी जेवताना ऐकली आहे. हिरव्या कॉलरींची पलटण त्या दिवशी दोन नद्या पलीकडे होती, आणि तिला त्या दिवशी काय खायला मिळालं नाही हेसुद्धा तुम्ही मला सांगितलं आहे. एका बटणाचा रंग चुकला म्हणून क्लबाच्या सेक्रेटरींशी महिनाभर न बोलणारे तुम्ही. तुम्ही एक आख्खी पलटण विसराल?

तुम्ही खोटं बोललात. आयुष्यात पहिल्यांदा बोलला असाल, आणि तेही किती वाईट बोललात.

मग मीही सांगते. पिवळ्या कॉलरींना भेगा पडल्या नव्हत्या. चांगली झाली होती पलटण, आजवरची सगळ्यांत चांगली. झेंडा लावायला घेतला आणि लक्षात आलं, की हा लावला की उरलेल्यांचं काम फार नाही. ते झालं की कुरियर, कुरियर झालं की लढाई, लढाई झाली की क्लब. मग तुम्हाला पत्र कशाबद्दल लिहायचं? कॉलरी विचारायला तर लिहिते. म्हणून धुऊन टाकली. ब्रशनं घासताना रंग निघत होता आणि मला बरं वाटत होतं, आणि नंतर स्वतःची लाज वाटली.

मन लागत नाही असं मी जानेवारीपासून लिहिते आहे. ते अर्धंच खरं होतं. मला हे संपवायचं नाही.

आता तुमचंही कळलं. म्हणजे आपण दोघं एका टेबलाच्या दोन टोकांना बसून एकाच गोष्टीला घाबरतो आहोत, आणि बोलतो आहोत कॉलरींबद्दल.

तर ऐका. मी पलटण रंगवीन, तीसुद्धा, हिरव्या कॉलरी लावून. सगळी फौज वेळेत पूर्ण करीन. पण कुरियर नाही. मी स्वतः घेऊन येणार, लढाईच्या दिवशी, क्लबात. आणि तिथे कुणी विचारलं की या कोण, तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला ते माहीत नाही आणि मी ते सांगणार नाही.

२६ एप्रिल

नाना,

कार्ड आलं नाही. कॉलरींबद्दलही नाही.

त्याचा फोन आला मात्र. म्हणाला, कुरियरच बरं पडेल, त्या दिवशी त्याच्या आयुष्यातल्या त्याही येणार आहेत, नातेवाईकही असतील, उगाच अवघड होईल, तुलाच. माझ्याच काळजीनं म्हणाला, त्यात खोट नाही. मी विचारलं, नाना काय म्हणाले? तो म्हणाला, नाना काही म्हणत नाहीत, तुला माहीत आहे ते.

माहीत आहे. तुम्ही भिडस्त आहात, आणि त्याच्या घरात त्याचाच दिवा वापरता. त्याच्याविरुद्ध बोला असं मी म्हणत नाही. पण नको म्हणायचं असेल तर ते तुम्ही म्हणा, तुमच्या अक्षरात. दुसऱ्या कुणाच्या तोंडून आलेलं ‘नको’ मी ऐकणार नाही. तुमच्याकडून आलं तर मुकाट्यानं खोकी बांधून पाठवीन, आणि परत कधी त्रास देणार नाही.

फौज पूर्ण झाली आहे. कामावरून आल्यावर रोज बसत होते. मन लागलं असं नाही, पाठ दुखते, डोळे चुरचुरतात, आणि पांढरा रंग आता स्वप्नातही नको. पण बसत होते. पिवळ्या कॉलरींची पलटण पुन्हा रंगवली. पहिल्यासारखी नाही जमली.

उत्तराची वाट बघते.

१३ मे

नाना,

पोचले. ‘पोचलीस की कळव’ म्हणालात म्हणून आल्या आल्या लिहायला बसले, चपला अजून पायात आहेत.

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून आले. बसमध्ये खोकी मांडीवर धरून सगळी वाट मला वाटत होतं की तुम्ही दारातूनच नजर वळवाल. क्लबाच्या पायऱ्या चढताना तर उलटं फिरावंसं वाटलं. आत टेबलावर नदी मांडलेली, पूल मांडलेला, तुमचे निळे एका बाजूला शिस्तीत उभे. आणि समोरची बाजू रिकामी. तुम्ही स्टुलावर बसला होता, लक्ष दाराकडे. मला बघून म्हणालात, “आज उशीर?”

मी खोकी उघडून शिपाई लावत बसले. पिवळट कोटांची पलटण तुम्ही हातात घेऊन भिंगाखाली धरलीत आणि मान हलवलीत, ते मी पाहिलं.

सगळ्यांसमोर हिरव्या कॉलरी संध्याकाळी पुलावर उतरवल्यात तेव्हा क्लबातले म्हातारे खवळले. ही पलटण इथे कशी, इतिहासात कुठे आहे, सेक्रेटरी तर लालच झाले. तुम्ही म्हणालात, वाट चुकून आली. एवढंच. आणि पहिल्याच फाशाला ती आख्खी पलटण पाठ फिरवून पळाली, आणि तुमच्यासकट सगळे खोकला येईपर्यंत हसले. तोही हसला. मला बघून हसला आणि मीही हसले, आणि त्यात काही अवघड नव्हतं. त्याच्याबरोबर आलेल्या त्या भल्या आहेत. मला पाणी आणून दिलं, पांढरा रंग कसा काढता म्हणून विचारलं.

पांढरे हरले. चालायचंच. फौजा क्लबाच्या काचेच्या कपाटात गेल्या. तुम्हीच एकेक आत ठेवत होता, मी देत होते. मला वाटलं होतं त्या वेळी फार वाईट वाटेल. वाटलं, पण त्याआधी जे झालं त्यामुळे कमी वाटलं.

ते मी ऐकलं नाही असं तुम्हाला वाटत असेल, म्हणून लिहिते. मी टेबलाच्या खाली वाकून पडलेला फासा शोधत होते. सेक्रेटरींनी तुमच्या मुलाला विचारलं, पांढरी फौज आणलेल्या या कोण? तो गडबडला. म्हणाला, ह्या, ओळखीच्या आहेत. आणि तुम्ही पट्टीनं पुलापासूनचं अंतर मोजत होता, मान वर न करता म्हणालात, “माझी आहे.”

 तुम्ही अंतर सांगितलंत, सेक्रेटरींनी फासे उचलले. मला फासा सापडला होता, तरी मी जरा वेळ टेबलाखालीच राहिले.

नाना, मला जानेवारीपासून एवढंच हवं होतं. सून म्हणा, म्हणू नका. शब्द मीही शोधला, सापडला नाही. तुम्ही त्या दिव्याखाली बसणाऱ्या मला सोडून दिलं नाहीत, हे मला तुमच्या तोंडून, लोकांसमोर ऐकायचं होतं. यापुढे रंगाचं निमित्त नसलं तरी मी लिहीन, आणि रविवारी बस मिळाली की येईन. मुलाला मीच सांगीन, तुम्ही मध्ये पडू नका.

स्टँडपर्यंत काठी टेकत आलात, बस सुटेपर्यंत उभे राहिलात. वळणापर्यंत धीर धरला आणि मग रडले, अगदी पदर तोंडाला लावून. शेजारच्या बाई घाबरल्या. पाणी पुढे केलं, पाठीवर हात ठेवला, आणि विचारलं, इकडे कुणाकडे आला होतात?

मी म्हटलं, सासऱ्यांकडे.